तीन दिवस, ट्रेनने, आईचा गुडघा सांभाळून : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी आई-बाबा आमच्याकडे लंडनला येताहेत, त्यांना ३ दिवस समुद्राकाठी फिरवून आणायचंय. बाबांना इतिहासाचं भयंकर वेड, १०६६ची लढाई, रोमन, नेपोलियन सगळं तोंडपाठ. आईला समुद्र, चहा आणि बसायला एक बाक एवढं मिळालं की ती खूश, आणि तिचा गुडघा दुखतो. आम्ही इथे गाडी चालवत नाही. मी प्लॅन केलाय तो असा : पहिला दिवस कँटरबरी आणि डोव्हर, दुसरा राय, हेस्टिंग्ज, ब्राइटन, तिसरा पोर्ट्समथ. नवरा म्हणतो ह्यात फक्त स्टेशनं बघून होतील. कोण बरोबर?

उत्तर : सॉरी, पण नवरा. नकाशावर हा किनारा वीतभर दिसतो, पण किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी ट्रेन सावकाश जाते, बारक्या बारक्या स्टेशनांवर थांबते आणि राय-हेस्टिंग्जच्या भागात तासाला एकच असते, एक चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. कँटरबरी आणि डोव्हर हा वेगळा दौरा आहे आणि पोर्ट्समथ तर पार दुसरीकडे. ३ दिवसांत राय ते ईस्टबर्न एवढाच पट्टा घ्या आणि दोन्ही रात्री हेस्टिंग्जलाच राहा. रोज बॅगा भरायच्या, रोज नवीन हॉटेल शोधायचं, हे आई-बाबांना घेऊन करण्यात काही मजा नाही.

हाच पट्टा का म्हणते ते सांगते. १०६६ साली इथे जो किनारा होता तो आता तिथे नाहीच. जुनी बंदरं आज कुरणांच्या मधे उभी आहेत, खाली मेंढ्या चरताहेत, आणि पश्चिमेकडे ईस्टबर्नच्या पुढे समुद्र दर वर्षी कडे खातोय. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते प्रत्येक ठिकाणी 'मग तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं' हे विचारतील आणि ३ दिवस एकाच धाग्यात येतील, नाहीतर किल्ला, चर्च, चहा, परत किल्ला असं होऊन जातं.

पहिल्या दिवशी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून हाय-स्पीड ट्रेनने अ‍ॅशफर्ड, साधारण ३७-३८ मिनिटं, तिथे बदलून ईस्टबर्नला जाणारी छोटी डिझेल गाडी. ती रॉम्नी मार्शमधून जाते, म्हणजे सपाट, ओली, कालव्यांनी चिरलेली जमीन, आणि मधेच एक टेकडी वर येते आणि तिच्यावर लाल कौलांचं गाव, तेच राय. बाबांना खिडकीजवळ बसवा. राय कधीकाळी जवळजवळ पाण्याने वेढलेलं बंदर होतं, आता समुद्र तिथून ३ किलोमीटर लांब. हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच ही मूळची पाच बंदरं, त्यांना सिंक पोर्ट्स म्हणायचे, नंतर राय आणि विंचेल्सीही त्यांच्यात आली. राजाला स्वतःचं नौदल नव्हतं त्या काळात ही बंदरं मिळून वर्षाला १५ दिवस ५७ जहाजं द्यायची आणि बदल्यात करमाफी आणि आपापली कोर्टं चालवायचा हक्क घ्यायची. सौदा फायद्याचा होता, पण शत्रूचा राग पण ह्यांच्यावरच निघायचा, १३७७मधे फ्रेंचांनी राय जाळलं आणि चर्चच्या घंटा उचलून नेल्या, पुढच्या वर्षी इथली माणसं नॉर्मंडीत जाऊन त्या परत घेऊन आली असं सांगतात. सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्यावर चढता येतं, जिना अगदी अरुंद आहे, तो बाबांसाठी. वरून बघितलं की कुरणात एकटाच बसलेला कॅम्बर कॅसल दिसतो, आठव्या हेन्रीने बंदराच्या तोंडावर बांधलेला किल्ला, आणि बंदरच निघून गेलं.

आता आई. मर्मेड स्ट्रीट ही रायची फोटोवाली गल्ली, गोल गुळगुळीत दगडांची आणि चढाची, पाऊस पडला की निसरडी. दुखऱ्या गुडघ्याला ती अजिबात मानवणार नाही. वरच्या बाजूने, चर्चच्या अंगाने जा, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघा आणि तिथूनच मागे वळा. खालच्या बाजूने चढत यायचा हट्ट नको. चर्चच्या भोवतालचा चौक बऱ्यापैकी सपाट आहे, चहाची दुकानं जवळच आहेत. मर्मेड इन ही सराई १४२०मधे परत बांधलेली, तिची तळघरं त्याहून जुनी, अठराव्या शतकात स्मगलरांची टोळी इथे टेबलावर भरलेली पिस्तुलं ठेवून प्यायला बसायची. संध्याकाळच्या गाडीने हेस्टिंग्ज, २० मिनिटांच्या आसपास लागतात. वाटेत विंचेल्सी लागतं, सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत आणि तुम्हाला उतरायचंही नाहीये, पण बाबांना सांगून ठेवा की जुनं विंचेल्सी तेराव्या शतकातल्या वादळांनी गिळलं, शेवटचा घाव १२८७चा, आणि पहिल्या एडवर्डने टेकडीवर चौकोनी आखणी करून नवं गाव वसवलं. मग त्या नव्या गावापासूनही समुद्र लांब गेला. म्हणजे आधी बुडवलं आणि मग सोडून दिलं!

दुसरा दिवस बाबांचा. हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जला झालीच नाही, ती झाली तिथून १० किलोमीटर आत, आणि त्या गावाचं नावच बॅटल. हेस्टिंग्जहून ट्रेनने पाव तास, स्टेशनपासून अ‍ॅबी, म्हणजे जुना मठ, १० मिनिटं चालत, थोडा चढ आहे. १४ ऑक्टोबर १०६६, सकाळी सुरू झालेली लढाई अंधार पडेपर्यंत चालली, त्या काळच्या मानाने फारच लांबलेली. इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड, त्याचं सैन्य २५ सप्टेंबरला यॉर्कजवळ स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाशी लढून, जिंकून, सगळं इंग्लंड उभं चालून इथे आलेलं. लढाई जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमने पुढे रणांगणावर मठ बांधला आणि चर्चची मुख्य वेदी हॅरॉल्ड पडला त्या जागी ठेवली अशी परंपरा आहे, आज चर्च उरलेलं नाही, जमिनीत एक दगडी खूण आहे. रणांगणाभोवतीची वाट उताराची, गवताची, पावसानंतर चिखलाची. बाबांना ऑडिओ गाइड देऊन तिकडे सोडा आणि आईला वरच्या गच्चीसारख्या जागेवर बसवा, सगळा उतार तिथून दिसतो, आणि खरं सांगू का, लढाई समजायला पण तीच जागा चांगली, कारण हॅरॉल्डची माणसं वर होती आणि नॉर्मन खालून चढत होते.

दुपारी परत हेस्टिंग्ज, ओल्ड टाउन. इथल्या किनाऱ्यावर काळ्या लाकडी उंच उंच खोल्या दिसतील, अरुंद, दोन-तीन मजली, त्या मासेमारांच्या जाळ्या ठेवायच्या. जागा थोडी म्हणून घरं वर वाढली, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. हेस्टिंग्जला आज धड बंदर नाही, त्यामुळे होड्या अजूनही सरळ गोट्यांच्या किनाऱ्यावरूनच पाण्यात ढकलतात आणि परत आल्या की ओढून वर घेतात. शेजारी फिशरमेन्स म्युझियम आहे, जुन्या चर्चमधे, आत अख्खी होडी ठेवलेली, तिकीट नाही. वेस्ट हिलवर जायला १८९१ची रेल्वेसारखी लिफ्ट आहे, त्या दिवशी चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर आईला तो डोंगर दाखवूच नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेवन्सी. हे माझं ह्या पट्ट्यातलं सगळ्यात आवडतं ठिकाण आणि सगळ्यात कमी गर्दीचं. रोमनांनी इ.स. २९०च्या सुमारास इथे किल्ला बांधला, तेव्हा समुद्र भिंतीला लागून होता. २८ सप्टेंबर १०६६ला विल्यम ह्याच भागात उतरला आणि त्या रोमन भिंतींच्या आतच त्याने तळ ठोकला, पुढे कोपऱ्यात नॉर्मन किल्ला झाला, आणि १९४०मधे जर्मन येतील म्हणून त्याच पडक्या भिंतींत मशीनगनच्या जागा अशा लपवल्या की आजही सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. एकाच भिंतीत १६०० वर्षांच्या तीन भीत्या. बाबांना त्या शोधायला लावा, अर्धा तास शांतता. जागा सपाट गवताची आहे, पेवन्सी अँड वेस्टहॅम स्टेशनपासून १० मिनिटं, आणि समुद्र आता दीड किलोमीटर लांब.

तिथून ईस्टबर्न, आणि इथून पुढचा दिवस आईचा. लांबच लांब सपाट फरसबंदी, ओळीने बाक, निळ्या घुमटाचा १९३५चा बँडस्टँड, आणि थोडं पुढे गेलं की विश टॉवर, म्हणजे नेपोलियनच्या भीतीने १८०५ ते १८०८मधे केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर जे ७४ गोल जाड बुरूज बांधले त्यातला एक. नेपोलियन काही आला नाही. चहा घ्या आणि ईस्टबर्नहूनच थेट लंडन व्हिक्टोरियाची गाडी पकडा, दीड तास. बॅगांचं मात्र आधी ठरवा, स्टेशनांवर क्लोकरूम मिळेल ह्या भरवशावर राहू नका. सगळ्यांत सोपं म्हणजे ३ दिवसांना एकेकी छोटी सॅक, नाहीतर हेस्टिंग्जच्या हॉटेलला विचारून बॅगा ठेवायच्या आणि परत तिथूनच लंडन.

तिकिटांचं थोडक्यात : लंडनचं ऑयस्टर कार्ड इथवर चालत नाही. तिघं किंवा जास्त एकत्र असाल तर ऑफ-पीकला ग्रुपसेव्ह मागा, एक तृतीयांश सूट, कार्ड-बिर्ड काही लागत नाही. दोघंच असाल आणि दोघं साठीच्या पुढे, तर सीनियर रेलकार्ड, परदेशी पासपोर्टवर पण मिळतं, फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळी ह्या भागात चालत नाही. दोन्ही सवलती एकत्र होत नाहीत. सेंट पँक्रसच्या हाय-स्पीड गाडीला वेगळं, थोडं महाग तिकीट असतं, साधं तिकीट घेऊन चढलात तर जास्तीचे पैसे भरावे लागतील. आणि मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो, त्याच आठवड्यात शाळांना सुट्टी, शक्य असेल तर तो आठवडा सोडून जा किंवा हॉटेल आत्ताच बुक करा, शनिवार-रविवारी बरीच हॉटेलं एक रात्र देतच नाहीत, किमान दोन मागतात.

प्रश्न : आम्हाला डिसेंबरमधेच सुट्टी आहे. ह्याच भागात २-३ दिवस गेलो तर वाया जातील का?

उत्तर : वाया नाही जाणार, पण दिवस ४ वाजायच्या आतच मावळतो, म्हणजे नाश्ता रेंगाळत केलात तर संपला. जूनमधे इथे सव्वानऊपर्यंत उजेड असतो, ह्या फरकाचा हिशोब लोक करतच नाहीत. इंग्लिश हेरिटेज, म्हणजे ऐतिहासिक वास्तू सांभाळणारी संस्था, तिची बरीच ठिकाणं हिवाळ्यात फक्त शनिवार-रविवार उघडी असतात, बॅटल आणि पेवन्सीचे त्या आठवड्याचे वार आणि वेळा बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. रविवारी रेल्वेची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बस देतात, तेही बघा. बाकी थंडीतल्या वाऱ्यात राय फार सुंदर दिसतं, शेकोटीवाले पब उघडे असतात, गर्दी शून्य. मी असेन तर राय आणि हेस्टिंग्ज करीन आणि कड्यांवर जाणार नाही.

प्रश्न : सेव्हन सिस्टर्सचा तो प्रसिद्ध फोटो, पांढऱ्या कड्यांची रांग आणि पुढे छोटी घरं, तो नक्की कुठून काढतात? आम्हाला ६ आणि ९ वर्षांची मुलं घेऊन जायचंय. कड्यावर किती पुढे जाता येतं?

उत्तर : तो फोटो सेव्हन सिस्टर्सवरून येतच नाही, कारण तुम्ही त्यांच्यावर उभे असाल तर त्या दिसणार कशा. तो समोरच्या बाजूने, सीफर्ड हेडकडच्या उतारावरून काढतात, ती घरं म्हणजे कोस्टगार्ड कॉटेजेस, मधे ककमीअर नदीचं मुख. मुलं असतील तर मात्र मी वेगळं सांगीन : ब्राइटन ते ईस्टबर्न जाणारी १२ नंबरची बस घ्या, एक्सीटला उतरा आणि नदीकाठच्या सपाट वाटेने समुद्रापर्यंत चालत जा, साधारण २ किलोमीटर, बाबागाडी पण जाते. नदी इथे इतकी वेडीवाकडी वळणं घेते की मुलांना भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र जमिनीवर बघायला मिळतं. बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर अर्धी सहल तिथेच वसूल. इंग्लंडमधे बऱ्याचशा बसना एका फेरीचं जास्तीत जास्त भाडं ठरवलेलं आहे, २०२५पासून ते ३ पौंड.

कड्यावर किती पुढे? मागे राहा, हे एकच उत्तर आहे. हा खडू आहे, खालून लाटा पोखरतात आणि वर हिरवंगार गवत तसंच असतं, त्यामुळे ज्यावर तुम्ही उभे आहात त्याच्या खाली काही आहे की नाही हे वरून कळत नाही. बर्लिंग गॅपला काठ सरासरी अर्धा-पाऊण मीटर दर वर्षी मागे सरकतो, पण तो मोजून सरकत नाही, एका रात्रीत मोठा तुकडा जातो आणि मग बरेच महिने काहीच नाही. तिथली काठावरची घरं गेली आहेत. जवळचं बेल टूट दीपगृह १९९९मधे रुळांवरून १७ मीटर मागे ढकललं, अख्खी दगडी इमारत, नाहीतर तेही गेलं असतं. बीची हेड १६२ मीटर उंच आहे, ब्रिटनमधला समुद्रालगतचा सगळ्यात उंच खडूचा कडा, आणि लोक तिथे काठावर पाय सोडून बसून सेल्फी काढतात, ते बघून माझ्याच पोटात गोळा येतो. मुलांचा हात सोडू नका.

खाली किनाऱ्यावर उतरलात तरी कड्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसायचं नाही, दगड सुटतात. आणि भरती-ओहोटीची वेळ बघूनच चाला, मोठ्या भरतीला पाणी ६ मीटर आणि त्याहून वर चढतं, कड्याखालून चालत गेलात आणि पाणी वाढलं तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून बाहेर पडायला जिना नाही. वेळा ऑनलाइन फुकट मिळतात. आज ११ला ओहोटी असेल तर उद्या साधारण ११:५०, रोज पाऊण-एक तास पुढे जाते.

मुलांना वाळू हवी असेल तर ती ईस्टबर्न-ब्राइटनला नाही, तिथे सगळे गोटे. वाळू रायजवळ कॅम्बर सँड्सला, रायहून बसने. सपाट असल्यामुळे पाणी तिथे फार लांब जातं आणि येताना मागून येतं, ऑगस्ट २०१६मधे एकाच दिवशी तिथे ५ तरुण बुडाले. लाइफगार्ड असतील तेव्हाच आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. समुद्राकाठी नुसते चिप्स खाऊन राहावं लागेल का?

उत्तर : चिप्सचंच आधी विचारा, काही दुकानं त्या गोमांसाच्या चरबीत तळतात आणि बाकीची बऱ्याचदा मासे तळलेल्या तेलातच. जॅकेट पोटॅटो आणि बीन्स जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतं. स्कोनमधे आणि केकमधे अंडं असू शकतं, मेन्यूवर व्हीगन लिहिलेलं शोधा, ते तुमच्यासाठी व्हेजिटेरियनपेक्षा खात्रीचं. छोट्या गावांत दुपारचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं, नंतर फक्त केक. आणि बाहेर खाताना खाण्याचं पाकीट छातीशी धरा, इथले सीगल हातातलं नेतात.

प्रश्न : एकच दिवस आहे. डोव्हर कॅसल की बॅटल?

उत्तर : एकच दिवस असेल तर डोव्हर, मनापासून. बॅटलला कल्पना करावी लागते, डोव्हरला सगळं उभं आहे : दुसऱ्या हेन्रीने ११८०च्या दशकात बांधलेला मधला बुरूज, त्याच आवारात रोमन दीपगृह, आणि खाली कड्याच्या पोटात खोदलेले बोगदे, जिथून २६ मे ते ४ जून १९४० फ्रान्समधे डंकर्कला अडकलेल्या सैन्याची सुटका चालवली, ३,३८,०००हून जास्त सैनिक परत आणले, त्यात भारतीय सैन्याच्या खेचरांच्या तुकड्यांमधली माणसंही होती. सेंट पँक्रसहून तासाभरापेक्षा थोडं जास्त. स्टेशनपासून किल्ल्याचा चढ दमवणारा आहे, टॅक्सी करा आणि ताकद आतल्या जिन्यांसाठी ठेवा. अख्खा दिवस लागतो, 'जाता जाता डोव्हर' होत नाही.

प्रश्न : ह्या किनाऱ्यावर आपल्याशी, म्हणजे भारताशी जोडलेलं काही बघण्यासारखं आहे का?

उत्तर : आहे, आणि लोक त्याच्या शेजारून जातात. ब्राइटनचा समुद्र म्हटलं की मराठी माणसाला शाळेतलं कोणतं गाणं आठवतं ते सांगायला नको, ते मनात म्हणत म्हणत रॉयल पॅव्हिलियनला जा. बाहेरून घुमट आणि मिनार, आतून चिनी ड्रॅगन, चौथ्या जॉर्जची हौस, जॉन नॅशने १८१५ ते १८२३मधे तिला हे रूप दिलं. पण १९१४च्या अखेरीपासून १९१६च्या सुरुवातीपर्यंत हे पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं, झुंबरांखाली खाटांच्या रांगा, बाहेर जातीधर्माप्रमाणे ९ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. ब्रिटिशांची काळजी तर होतीच आणि जाहिरातही होती, सरकार किती जपतं हे हिंदुस्थानात दाखवायला ते फोटो बरेच वापरले. दक्षिणेकडचा इंडियन गेट १९२१मधे पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते उघडला, तो आणि बाग बघायला तिकीट नाही.

जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत त्यातल्या ५३ जणांचं दहन शहराबाहेर डाउन्सच्या टेकडीवर झालं. तिथे संगमरवरी छत्री आहे, नाव पण छत्रीच, आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस ह्या तरुण आर्किटेक्टचा, उद्घाटन १ फेब्रुवारी १९२१. २०१०पासून शेजारच्या भिंतीवर ५३ नावं आहेत. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला, तिथल्या मशिदीजवळ. छत्रीपर्यंत बस जात नाही, पॅचमपर्यंत बस आणि पुढे कुरणांतून चढ, मेंढ्यांची फाटकं उघडून परत लावत जायचं, पावसानंतर बूट लागतात. जूनमधे तिथे दर वर्षी स्मरणाचा कार्यक्रम होतो, तारीख आधी बघून ठेवा.

आणि वेळ उरला तर बेक्सहिल, हेस्टिंग्ज आणि ईस्टबर्नच्या मधलं स्टेशन. १९३५चा डे ला वॉर पॅव्हिलियन बघा, पांढरी, काचेची, वळणदार जिन्याची इमारत. कूचबिहारचे महाराज नृपेंद्र नारायण १९११मधे ह्याच गावात वारले, आणि बडोद्याच्या सयाजीरावांची मुलगी इंदिराराजे, जिने ग्वाल्हेरशी ठरलेलं लग्न मोडून सगळ्या संस्थानी जगात खळबळ उडवली, ती १९१३मधे लंडनला लग्न करून ह्यांचीच सून झाली. बाबा इतिहासवाले असतील तर हा किस्सा बेक्सहिलच्या गच्चीवर बसून सांगा, समोर समुद्र आहे आणि कॅफेत चहाही मिळतो.